लॅपटॉपच्या खोक्यावर आणखी चार ओळी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर वर्तमानपत्रांतून लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात, आपल्याही येतात. प्रोसेसर कितव्या पिढीचा, पडदा किती इंची, कॅशबॅक किती, हप्ता किती, सगळं ठळक अक्षरांत. पण ज्याला तो खांद्याला अडकवून गावोगाव हिंडायचंय, त्याला हवी ती माहिती ना जाहिरातीत असते, ना खोक्यावर. चार्जर धरून वजन किती? रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती, नंतर वाढवता येते का? बॅटरी गेली तर जिल्ह्यात मिळेल का? नुकताच नवा लॅपटॉप घेताना या साध्या प्रश्नांमागे मला जेवढं फिरावं लागलं, ते पाहून हे पत्र लिहिते आहे.

मी तासगावात जीएसटी आणि आयकराची कामं करते. माझे बरेचसे पक्षकार बेदाण्याच्या व्यापारातले, काही विट्याचे यंत्रमागवाले. त्यांची बिलं, वह्या त्यांच्या पेढीवर किंवा गोदामात असतात, म्हणून जायचं मीच. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, आणि २० तारखेला ३-बी, म्हणजे करभरण्याचं. या तारखांच्या आगेमागे लॅपटॉप, चार्जर, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते), फायली असं सगळं पाठीवर घेऊन एसटीत उभं राहावं लागतं. बायकांचं तिकीट अर्धं झालं, ओझं काही अर्धं झालं नाही.

जुना लॅपटॉप १५.६ इंची, चार्जरच्या ठोकळ्यासकट अडीच किलोच्या वर. बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकमध्ये बसतात ते तुटलं आणि पडदा भिंतीला टेकवून काम करायची वेळ आली. मग टचपॅड एका बाजूने उचलला गेला. सांगलीतल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाने बघताक्षणी सांगितलं, "ताई, बॅटरी फुगलीय. आता हा चार्जिंगला लावू नका." त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, माझा त्याआधीचा. लोकांचे पॅन, बँक खाती, उलाढाली ज्या यंत्रात आहेत त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नसतील, तर ते वापरणं बरं नव्हे.

पण त्याच यंत्राचा गुणही सांगायला हवा. मध्यंतरी ते मंदावलं तेव्हा ह्याच मुलाने हार्ड डिस्क काढून तिच्याजागी एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, बसवली, रॅमची एक पट्टी घातली, आणि यंत्र पुढे कित्येक विवरणपत्रांचे हंगाम चाललं. शेवटी मदरबोर्डनेच मान टाकली, तेव्हा एसएसडी बाहेर काढून एका डबीत घातली आणि यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडली. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा जसाच्या तसा. माझा बॅकअप असतो, तरी ते बघून जीव भांड्यात पडला.

आता हलक्या लॅपटॉपकडे येते. अनेक हलक्या मॉडेलांत रॅम मदरबोर्डवरच डकवलेली, म्हणजे काढता न येणारी असते. यामागे नुसती कंपन्यांची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. पट्टीची खाच काढून टाकली की यंत्र पातळ होतं, आणि कमी वीज खाणारी रॅम प्रोसेसरला खेटून असावी लागते, त्याने बॅटरी जास्त चालते. काही यंत्रांत एसएसडीसुद्धा डकवलेली असते. म्हणजे घेतानाच आठ जीबी घेतलेत तर जन्मभर आठ, आणि बोर्ड गेला तर आतला डेटाही बहुधा गेला. कमी विजेची असूनही काढता-घालता येणारी रॅम निघाली आहे, एलपीकॅम२ म्हणतात तिला. पण ती फार थोड्या आणि महागड्या यंत्रांत दिसते.

दुकानात मी हेच विचारलं. विकणारा मुलगा भला होता. त्याने लॅपटॉप दोन बोटांत धरून दाखवला, "मॅडम, एकदम हलका!" चार्जर खोक्यातच राहिला होता. तोही काढून हातात दे म्हटल्यावर तो हसला. रॅम वाढते का, तर "आठ पुरतात मॅडम, सगळे हेच नेतात." एसएसडी निघते का, ते त्याने मोबाइलवर शोधलं आणि त्याला परदेशातल्या भलत्याच मॉडेलचा व्हिडिओ सापडला. बॅटरीचं विचारल्यावर वॉरंटीची चिठ्ठी दाखवली. त्याला बोल लावून काय उपयोग? त्याच्या हातात जे खोकं दिलंय, त्यावरच लिहिलेलं नाही.

आमच्या कामाच्या आणखी दोन अडचणी आहेत. कंपन्यांची विवरणपत्रं डिजिटल सहीने भरावी लागतात आणि बाजारात मिळणारी सहीची टोकनं बहुतेक जुन्या चौकोनी यूएसबीची. अगदी पातळ लॅपटॉपला ते छिद्रच नसतं, नुसती टाइप-सी. मग डोंगल घ्या. शिवाय चौदा इंची यंत्राला सहसा उजवीकडची आकड्यांची बटणं नसतात, आणि टॅलीत दिवसभर नोंदी करणाऱ्याला वरच्या ओळीतून आकडे मारायला लावणं ही शिक्षाच. म्हणून आकड्यांचा वेगळा छोटा कीबोर्ड घ्या, त्यालाही छिद्र लागतंच. हलका लॅपटॉप अशा लोंबत्या वायरींनी पुन्हा जड होतो. टाइप-सीचा फायदा मात्र खरा आहे. फोन आणि लॅपटॉप एकाच ६५ वॉटच्या छोट्या चार्जरवर चालतात, जुना ठोकळा घरी राहतो. युरोपीय संघाने तर लॅपटॉपसाठी टाइप-सी चार्जिंग २८ एप्रिल २०२६ पासून बंधनकारक केलं.

शेवटी मला उपयोगी पडलं ते दुरुस्ती करणाऱ्या मुलाने सांगितलेलं. लेनोव्हो, डेल, एचपी या कंपन्या अनेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. इंग्रजी आहे, पण चित्रं आहेत. कुठला भाग काढता येतो ते त्यात पानोपान दिसतं. ती पाहून मी चौदा इंची, ऑफिसवापराच्या मालिकेतला लॅपटॉप घेतला. दीड किलोच्या आत, रॅम डकवलेली म्हणून आधीच १६ जीबी, एसएसडी आणि बॅटरी मात्र स्क्रूने बसवलेली, दोन जुनी यूएसबी छिद्रं, आणि पडदा न चमकणारा. गोदामाच्या दारात बसून काम करताना चमकणाऱ्या पडद्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. जाहिरातीतल्या सर्वांत पातळ मॉडेलपेक्षा हा थोडा जाड आणि थोडा महाग. असा लॅपटॉप माझ्या जीएसटी-नोंदणीकृत पक्षकाराने घेतला तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी त्याला क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याच्या करातून वजा मिळतो. मी वर्षाला वीस लाखांच्या आतल्या उलाढालीची, नोंदणी नसलेली, त्यामुळे मला मिळत नाही. असो, तो नियम मला चांगला पाठ आहे.

मुद्दा असा की प्रत्येक ग्राहकाने दुरुस्ती-पुस्तिका वाचावी ही अपेक्षा धरता येत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापले जातात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने अशाच निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. त्यात सुरुवातीचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. लॅपटॉप मागे का? फोन फुटला तर माणूस चार दिवस दुसऱ्याचा वापरतो. १९ तारखेला लॅपटॉप गेला तर पंचवीस-तीस व्यापाऱ्यांची विलंबशुल्कं माझ्या दारात येतात.

आणि यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. वैधमापनाच्या नियमांनुसार पाकीटबंद मालावर एमआरपी, उत्पादनाचा महिना, आयात मालावर मूळ देश छापावा लागतोच. त्याच चौकटीखाली चार ओळी वाढवाव्यात: चार्जरसकट वजन, रॅम व साठवण काढता येते की नाही, बॅटरी बदलता येते का आणि तिची किंमत, सुटे भाग किती वर्षं मिळतील. सर्वांत जवळचं सेवा केंद्र कुठे, हे दुकानदाराने बिलावर लिहून द्यावं.

आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे शंभर रुपयांच्या यंत्राचे चार वर्षांनी कागदावर तेराच उरतात. १८० दिवसांहून कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, तरी तेवढ्यासाठी मार्चअखेरीस घाईघाईने लॅपटॉप घेणारे माझ्या धंद्यात पुष्कळ आहेत. तेव्हा आपल्या अर्थविषयक पानावर त्याआधी एखादा तक्ता द्यावा, जिल्ह्यात मिळणाऱ्या मॉडेलांचं चार्जरसकट वजन आणि आतलं काय काय निघतं याचा. कंपन्यांना आमच्यापेक्षा आपण विचारलंत तर उत्तर लवकर मिळेल.

आपली,
एक करसल्लागार
तासगाव, जि. सांगली