मुंबई सेंट्रलवर वडापाव खात बसलेल्या मुलास

प्रिय मुला,

बडोद्याच्या गाडीची वाट बघत वेटिंग रूममध्ये तू माझ्या शेजारी वडापाव खात होतास, तुझी ओळख माझ्याकडे एवढीच आहे. मी मुद्रितशोधक. दिवाळी अंकाची तपासलेली ४८ पानं गाडी सुटायच्या आत छापखान्याला धाडायची होती. फोन साधा, बटणांचा, म्हणजे हॉटस्पॉटचा प्रश्नच नाही. रेल्वेनं गुगलसोबत आणलेलं फुकट वाय-फाय २०१६ च्या जानेवारीत पहिल्यांदा सुरू झालं ते याच स्टेशनात, आणि तिथंच माझा लॅपटॉप ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं म्हणत ढिम्म बसलेला. मोबाइल नंबर मागणारं पान काही केल्या उघडेना. मी तीनदा मशीन बंद करून चालू केलं. आम्हा लोकांचा तो एकच इलाज.

तू वाकून पाहिलंस आणि म्हणालास, “काकू, माझे हात तेलकट आहेत. मी सांगतो, तुम्ही करा.”

मग विचारलंस, घरी कोणी सेटिंगला हात लावलाय का? तेव्हा आठवलं. घरचं नेट रेंगाळतं म्हणून भाच्याने दोन महिन्यांपूर्वी डीएनएसच्या, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणाऱ्याच्या, जागी चार आठ घातले होते, ८.८.८.८. लॅपटॉप कुठंही नेला तरी ते आकडे त्याच्यासोबतच जातात, हे मला कुठं ठाऊक! स्टेशनचं नेट म्हणत होतं, आधी दारावरच्या माणसाकडे नाव नोंदवा. आणि आमचं यंत्र त्याला ओलांडून बाहेरच्या कुणाला तरी पत्ता विचारत होतं. ‘मॅन्युअल’चं ‘ऑटोमॅटिक’ केलं. तरी पान येईना, तेव्हा तू ‘एस’ नसलेला, नुसत्या एचटीटीपीचा पत्ता टाकायला लावलास. ‘एस’वाल्या कुलूपबंद साइटला मधेच वळवून लॉगिनच्या पानावर नेता येत नाही, बिनकुलपाच्या साइटला नेता येतं, असं घास गिळता गिळता समजावलंस. पान आलं. ओटीपी आला. दिवसाची ३० मिनिटं फुकट मिळतात, माझी पानं त्याच्या किती तरी आधी गेली.

उठताना तू ते नेटवर्क ‘फर्गेट’ करायला लावलंस, नाहीतर त्याच नावाचं दुसरं कुणी जाळं टाकून बसलं तर लॅपटॉप आपण होऊन त्याच्या गळ्यात पडतो म्हणे. घरी राउटर कुठं ठेवलाय तेही विचारलंस. लोखंडी कपाटामागे, म्हटल्यावर कपाळाला हात लावणार होतास, तेल आठवून थांबलास.

तुझे हात स्वच्छ असते तर तू लॅपटॉप ओढून घेतला असतास, दोन मिनिटांत नीट करून दिला असतास, आणि मी पुढच्या स्टेशनावर पुन्हा तशीच बसले असते. आभार मानायचे ते त्या वड्याचेही.

राउटर आता कपाटामागून निघून उंच फळीवर आहे. स्वयंपाकघरात, दोन जाड भिंतींपलीकडे, वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा दम तोडतो. तिथं मी २.४ च्या पट्ट्यावर जाते. वेग कमी, पण पोचतं. बहिणीच्या घरी बडोद्याला माझं मीच जोडलं, पासवर्डातला मोठा ‘ओ’ की शून्य यावर अडले तेवढंच.

परवा भाचा आला. नेट अजून फास्ट करून देतो म्हणत खुर्ची ओढली. मी त्याच्या हातात चिवड्याची बशी दिली आणि म्हटलं, “तू खा आणि सांग. मी करते.”

तुझी,
वेटिंग रूममधली काकू