आई-बाबांना पत्र : एक वार, दोन पाणमोटी

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, "दोन्ही बाळं नीट आहेत, मग दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी कशाला?" असं तू विचारलंस. फोनवर हे धड सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

दोघांची वार, म्हणजे बाळाला नाळेतून पोसणारा अवयव (प्लासेंटा), एकच आहे. पाणमोटी, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या, मात्र दोन, मध्ये पातळ पडदा. जुळी दोन बीजांडांची असली की प्रत्येकाची वार वेगळी असते. माझी एकाच बीजांडाची, फलनानंतर साधारण ४ ते ८ दिवसांत विभागलेली. आधीच विभागली असती तर वारही वेगवेगळी झाली असती. आणखी उशीर झाला असता तर पाणमोटही एकच, आणि मग दोघांच्या नाळा एकमेकींत गुंतायची भीती. ती आपल्याला नाही, तेवढं हुश्श म्हणा!

हे बाराव्या आठवड्यातच कळलं. पडदा वारेला टी अक्षरासारखा काटकोनात टेकलेला दिसला. वार वेगळी असती तर तिथे त्रिकोणी पाचर दिसली असती. पुढे हे ओळखणं कठीण होत जातं.

एकाच वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुधा देवाणघेवाण सारखी राहते. पण अशा १०० गरोदरपणांपैकी १० ते १५ मध्ये रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जास्त जात राहतं. देणाऱ्याला लघवी कमी होते, म्हणून त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याभोवती पाणी वाढतं आणि हृदयावर ताण येतो. म्हणून डॉक्टर दोघांचं मूत्राशय भरलंय का ते आवर्जून बघतात. आता मीसुद्धा स्क्रीनवर ते दोन काळे ठिपके शोधत असते. पाण्याची खोली एकीकडे २ सेंमीच्या खाली आणि दुसरीकडे ८ च्या वर गेली, तर गर्भाशयात दुर्बीण घालून लेसरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. पण ते वेळेत कळायला हवं, म्हणून १६ व्या आठवड्यापासून या फेऱ्या. परवाच्या तपासणीत दोघांचंही पाणी ठीक होतं.

आणि आई, एकाचं वजन थोडं कमी भरलं की "तू नीट जेवत नाहीस" म्हणू नकोस. वारेचा वाटा कुणाला किती मिळाला, हे माझ्या ताटावर ठरत नाही. पोट एकाएकी ताणलं किंवा धाप लागली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता मी दवाखाना गाठेन.

बाबा, सगळं सुरळीत राहिलं तरी ३६ व्या आठवड्यात बाळंतपण करायचं ठरलंय. जुळी त्याआधीही येतात. तेव्हा नऊ महिने मोजून तिकिटं काढू नका, ३२ वा संपायच्या आत या.

तुमची,
ताई