अंदमानच्या सहलपत्रिकेत भरतीच्या वेळा छापा

संपादक महोदय,

दिवाळी आणि मेच्या सुटीत पुण्यातून अंदमानला सहलींमागून सहली निघतात. सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहून झाली की पुढचे दिवस स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक आणि नीलवर, समुद्रात जातात. सहलपत्रिकेत ‘सकाळी १० वाजता स्नॉर्केलिंग’, म्हणजे मास्क लावून पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ पाहणे, असे छापलेले असते. त्या दिवशी दहाला भरती असेल की ओहोटी, याचा त्यात उल्लेखही नसतो. सहल कंपन्यांनी ही वेळ छापलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथे पाण्याची पातळी दीड-दोन मीटरने खाली-वर होते. ओहोटीला किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकावर कसेबसे गुडघाभर पाणी उरते. नवखा माणूस तिथे तरंगू लागतो, मास्कमध्ये पाणी शिरताच घाबरतो आणि पाय खाली टाकून उभा राहतो. त्याच्या पायाखाली जिवंत प्रवाळ असतो. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला जेमतेम दहा सेंटीमीटर वाढतो, गोलाकार दगडी प्रवाळ तर सेंटीमीटरभरच. एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षे जातात. माणसाचा पायही कापतो आणि प्रवाळाची जखम लवकर बरी होत नाही.

पूर्ण भरतीच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा तास ही उतरण्याची वेळ. खोल समुद्रातले स्वच्छ पाणी आत आलेले असते, ओढ कमी असते आणि प्रवाळ पायांपासून दूर राहतो. उजेडाचेही गणित आहे. अंदमान पुण्याच्या सुमारे १९ अंश पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे सूर्य तिथे साधारण सव्वाअकरालाच माथ्यावर येतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. नऊ ते एकच्या दरम्यान भरती येते तो दिवस स्नॉर्केलिंगला द्यावा. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून दोन बेटांचे दिवस मागेपुढे केले तरी बरेच साधते. शहीद द्वीपावर तर दोन्हींची गरज पडते: भारतपूरचे प्रवाळ भरतीला पाहायचे आणि लक्ष्मणपूरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीला. दोन्हींत साधारण सहा तासांचे अंतर असते, म्हणजे वेळा जुळल्या तर एकाच दिवसात दोन्ही होते. कमानीकडे जाताना वाळूवर किंवा कोरड्या खडकावरच पाय ठेवावा, डबक्यांत नाही. तिथीवरून भरती काढण्याचा कोकणातला हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नये, कारण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, वेळा वर्षभर आधी मिळतात.

मास्कची सवय पुण्यातच करावी. सहलपूर्व मेळावा हॉटेलात चहा-सामोसे खाऊन संपवण्याऐवजी त्यातला एक तास पोहण्याच्या तलावावर घ्यावा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस किंवा दाट मिशी आली की पाणी शिरते. पट्टा करकचून आवळला तरी शिरते, कारण कड वाकडी होते. उन्हासाठी अंगभर क्रीम चोपडू नये, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घालावा. काही क्रीममधला ऑक्सिबेन्झोन हा रासायनिक घटक प्रवाळाला घातक ठरतो. आणि माशांना बिस्किटे, पाव मुळीच घालू नयेत. शेवाळ खाणारे मासे पावावर जगू लागले की शेवाळ प्रवाळावर चढते.

हंगामाबद्दल एवढेच: जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. ‘मॉन्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी मेच्या मध्याच्या सुमारास किंवा उत्तरार्धात छापता, तरी त्याच आठवड्याच्या सहली भरलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारासही बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र बेटावर न काढता श्री विजयपुरमलाच काढावी.

प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत आणि त्यातील गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. काही शंखही संरक्षित आहेत. कोणते, हे मुलांना ओळखता येणार नाही, तेव्हा किनाऱ्यावरचा शंख तिथेच राहू द्यावा. रिकाम्या शंखात खेकडे राहायला येतात.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वाचकांनी सहल कंपनीला विचारावे: आमच्या तारखांना पूर्ण भरती किती वाजता, आणि त्या वेळी आम्ही कुठे असू?

– एक वाचक, कोथरूड, पुणे