शांता आपटे डोक्यात बसलीय

शुभे,

परवा फोनवर म्हणालीस ना, तीन महिन्यांचा पगार अडकलाय पण मागायला बरं नाही वाटत, तेव्हापासून ती जुन्या पिक्चरमधली नटी शांता आपटे डोक्यात बसलीय. हसू नकोस.

‘कुंकू’ परत बघितला. १९३७ चा, प्रभात फिल्म कंपनीचा. शांता आपटे त्यात फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा, पण ती रडत बसत नाही गं, त्याला नवरा म्हणून जवळच येऊ देत नाही, आणि तो सावत्र मुलगा अंगचटीला जायला बघतो तर छडीने असला बडवते की मी सोफ्यावर बसून टाळ्या वाजवल्या. पिक्चरला पार्श्वसंगीतच नाही, घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढेच, त्यामुळे तिचा आवाज असा समोर बसून ऐकल्यासारखा येतो. लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गायलीय तिने, मराठी पिक्चरमध्ये, त्या काळात!

पण मला सांगायचंय ते पुढचं. १९३९ मध्ये कॉन्ट्रॅक्टवरून प्रभातशी वाजलं तर ही पुण्यात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसली. म्हणजे बघ, पडद्यावर मालकाच्या पिक्चरमध्ये बंड करायचं आणि त्याच मालकाच्या दारात खरं बंड. आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आपण कॉलेजात असताना शंभरदा गेलो असू समोरून, कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

नंतर प्रभात सुटली. १९४० मध्ये तिने चक्क पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं. म्हणजे नटी होणं ही नोकरी आहे, तिथे पैसा कसा चालतो, पिळवणूक कशी होते, हे मुलींना आधी कळू दे. ग्लॅमर वगैरे लांबच राहिलं. मग १९४१ मध्ये तमिळ ‘सावित्री’, त्यासाठी तमिळ शिकली, आणि त्यात नारद कोण तर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी!

पुढे मात्र तसा रोल परत मिळाला नाही असं मला वाटतं. १९६४ मध्ये गेली, पन्नाशीही नाही गाठली. नटी नयना आपटे तिचीच मुलगी.

तू काही ऑफिसच्या दारात पथारी टाकू नकोस बाई, पण मेल तरी टाक, तारखा घालून. आणि रविवारी ये, कुंकू लावू (पिक्चर गं). पोहे तूच कर, माझे चिकट होतात.

तुझीच,
वैजू