आमच्या वकील मॅडमना

मॅडम,

नमस्कार. यांच्या अपघाताच्या दाव्याच्या निकालाची नक्कल हातात पडली त्या दिवशी मला काहीच बोलता आलं नाही आणि तुम्हाला पुढच्या केसचा पुकारा झाला. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्यावर आली तशी वेळ आलेल्या घरांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

जानेवारी २०२३ ची गोष्ट. नगर-मनमाड रस्त्यावर, राहुरीच्या पुढे, रात्री एक ट्रक बंद पडून अर्धा डांबरावर उभा होता. आमचे हे मोटर वायंडिंगचं दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी येत होते. वय ३८. पोलिसांच्या कागदात लिहिलं गेलं, ‘हयगयीने व भरधाव वेगात चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत.’ दहावा व्हायच्या आत ट्रकमालकाचा माणूस ५०,००० रुपये आणि तडजोडीचा बाँड पेपर घेऊन दारात. पोलिसांनीच असं लिहिलंय म्हटल्यावर घरातले म्हणाले, कर सही. सासूबाईंनी तेवढा तो कागद धरून ठेवला, सही होऊ दिली नाही.

मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तुमचं नाव सांगितलं तेव्हा पाच महिने उलटले होते. तुम्ही आधी अपघाताची तारीख विचारलीत आणि कॅलेंडर काढलंत. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. १७ दिवस उरले होते. भाऊजी शेजारी बसले होते, पण तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात. दाव्यावर सही माझी होती, म्हणून प्रत्येक पान तुम्ही मलाच समजावलंत. गुन्ह्याच्या कागदात कोणाची चूक लिहिली, तेवढ्यावर दावा बुडत नाही, न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या दाव्यांचं कोर्ट, पुरावा स्वतः तपासतं, हे मी तीनदा विचारलं आणि तुम्ही तीनदा सांगितलंत.

उलटतपासणीत ड्रायव्हर म्हणाला, ट्रकच्या मागे दगड आणि फांद्या लावल्या होत्या. तुम्ही आवाज न चढवता घटनास्थळाचा पंचनामा त्याच्यापुढे धरलात. त्यात चाकं डांबरावर किती होती ते होतं, काचांचे तुकडे होते, यांची एक चप्पल होती. दगड नव्हते, फांद्या नव्हत्या, रिफ्लेक्टरही नव्हता. तो गप्प झाला. मी त्या दिवशी घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवले.

मग कमाईचा प्रश्न. ट्रकच्या विमा कंपनीचे वकील म्हणाले, पगारपत्रक नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही. तुम्ही विचारलंत, उधारी कुठे लिहायचे? मी ती वही आणली. ऑइलच्या बोटांचे ठसे, आणि यांच्या अक्षरात ‘५ एचपी, बेरिंग बदलले, बाकी ६५०’. एकेक पान तुम्ही इतक्या हळू उलटलंत की मला रडू आवरेना.

कोर्टाने महिना १२,००० धरले. पुढचा हिशेब तुम्ही मला चहाच्या टपरीवर, पाकिटाच्या मागे करून दाखवलात. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून ४० टक्के वाढ, १६,८००. मागे आम्ही चौघं, मी, दोन मुलं आणि सासूबाई, म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा, १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वयाप्रमाणे गुणक १५, म्हणजे पंधरा वर्षांची कमाई धरायची, २२,६८,०००. वर काही ठरलेल्या रकमा. यांचीही २० टक्के चूक धरली, तेवढे कापले गेले. ते मला अजून पटलेलं नाही, आणि पटवून घे असं तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. पण कुठला रुपया कुठून आला आणि कुठे गेला हे मी आज कुणालाही सांगू शकते. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईंना सांगितलंही. त्यांच्याकडेही बाँड पेपर येऊन गेला होता. त्यांनी सही केलेली नाही.

मुलांचे हिस्से त्यांच्या १८ वर्षांपर्यंत बँकेत ठेवीत आहेत. मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं म्हणते.

मॅडम, तुमचे मनापासून आभार. एक काम राहिलंय. वही अजून कोर्टात निशाणीला, म्हणजे पुरावा म्हणून, लावलेली आहे. अपिलाचे ९० दिवस गेले की अर्ज करून परत मागता येईल, असं तुम्ही म्हणाला होतात. दिवस मी मोजते आहे. अर्ज या वेळी मीच लिहून आणते, तुम्ही फक्त तपासा.

तुमची,
वायंडिंगवाल्यांची बायको