तो फोन मीच केला होता

मन्या,

परवा फोनवर तू विचारलंस की समोरच्या आजींच्या नातवाचं काय झालं आणि मी "ठीक आहे" म्हणून विषय बदलला, कारण घरात सगळे बसलेले आणि बडोद्याच्या नवापुऱ्यातल्या आमच्या भिंती तुला माहीतच आहेत, इकडे खोकलं की पलीकडून कोणीतरी सितोपलादी घे म्हणतं. म्हणून लिहितोय. 1098 ला, त्या मुलांच्या हेल्पलाइनला, फोन मीच केला होता. बायकोला पण सांगितलं नाहीये अजून.

पोरगा 11 वर्षांचा. बाप 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेला, आईनं पुढे दुसरं लग्न केलं आणि सुरतला गेली, हा राहिला आजी आणि काकाकडे. काका तसा वाईट माणूस नाही रे, पण हात फार चालतो त्याचा. शाळा सुटली, पोरगा पंक्चरच्या दुकानात बसायला लागला, आणि एका रात्री पट्ट्याचा आवाज आला. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होतो. उघडली नाही कडी. दुसऱ्या दिवशी सूरसागर तलावाच्या पाळीवर बसून चोरासारखा फोन लावला. त्यांनी विचारलं ते सांगितलं, नाव गुप्त ठेवतो म्हणाले, ठेवलं पण.

मग मात्र जाम टरकली. आपल्या लहानपणी "रिमांड होममध्ये टाकीन" म्हणून दम द्यायचे ना, तेच डोक्यात. आता जीप येणार, पोराला उचलून नेणार आणि आजी माझ्या दारात येऊन रडणार.

आली ती एक पोरगी, अ‍ॅक्टिवावर. जिल्हा बाल सुरक्षा युनिटची, एकम म्हणतात इथे. गुजराती, पण मोडकंतोडकं मराठी बोलणारी. तासभर बसली आणि माराबद्दल एक शब्द नाही काढला! पोरगा झोपतो कुठे, खातो काय, दोस्त कोण, आजींच्या गोळ्या कोण आणतं, हेच. आजींनी उलट तिलाच जात, गाव, लग्न झालं का सगळं विचारलं आणि तिनं नीट उत्तरं दिली. मग पोराला घेऊन ओटल्यावर बसली, एकट्याशी बोलली. शेजाऱ्यांना पण विचारतात, त्या घराचा पूर्ण रिपोर्ट करावा लागतो म्हणे. मला विचारलं तेव्हा मी असा चेहरा केला की जसं काही मला आत्ताच कळतंय. तिला कळलं असणार, पण बोलली नाही.

तिच्याकडूनच कळलं की 2015 च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलंय, मुलाला संस्थेत ठेवायचं ते अगदी शेवटी, दुसरा काहीच रस्ता नसला तरच. ते ठरवायला बाल कल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई पाहिजेच. समितीनं पोराचं ऐकलं, आजीचं ऐकलं, काकाकडून लिहून घेतलं, आणि पोरगा आजीकडेच राहील, ही बेन घरी येत राहील असं ठरलं. मुलाला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत जेल किंवा लाखाचा दंड किंवा दोन्ही, हे पण काकाला स्पष्ट सांगितलं.

पण नुसत्या दमावर नाही सोडलं तिनं. काका मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कंत्राटी कामाला, तर ही शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन उभी. टपरीवर चहा घेताना तो भडकला म्हणे, "पोरगं माझ्या गळ्यात टाकताना मला कोणी विचारलं होतं का?" ती म्हणाली, नाही विचारलं, आता मी विचारते. मग कळलं ती पण कंत्राटावरच, त्यावर दोघांचं बरं जमलं. आपण कॉलेजात सोशल वर्कवाल्यांना हसायचो, आठवतंय? आपल्याच युनिव्हर्सिटीच्या फॅकल्टीतून एम. एस. डब्ल्यू. झालीय ती. मला तेव्हा वाटायचं सोशल वर्क म्हणजे ब्लँकेट वाटतानाचा फोटो.

शाळेचं तिनं उरकलं. एका शाळेनं अधल्यामधल्या महिन्यात अ‍ॅडमिशन नाही म्हणून सांगितलं, तिनं शिक्षण हक्काचा कायदा दाखवला, 6 ते 14 चं मूल कधीही आणि वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं.

खरी गंमत पैशावरून झाली. गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना आहे, आईबाप दोघं नसतील किंवा बाप गेला आणि आईनं दुसरं लग्न केलं असेल तर सांभाळणाऱ्याला महिन्याला 3000. आमच्या गल्लीतले सगळे फॉर्म मी भरतो, हाही माझ्याकडेच आला. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, सगळं जमलं. अडलं कुठे, तर आईच्या दुसऱ्या लग्नाचा पुरावा. आणि आजी म्हणजे, "त्या बयेचं नाव या घरात काढायचं नाही." तीन वर्षं फोन नाही.

मी असतो तर समजावत बसलो असतो. हिनं काय केलं, तर फॉर्म देवाच्या फळीवर ठेवला आणि गेली. पुढच्या वेळी आली, चहा प्यायली, गेली. परत तेच. चौथ्या वेळी आजीच म्हणाल्या, लाव फोन. मी तिथेच होतो. आधी दोन्हीकडे गप्प. मग पलीकडून आवाज आला, "त्याच्या कानाचं कसंय आता?" आजी म्हणाल्या, "पावसाळ्यात वाहतो अजून." आणि मग दहा मिनिटं त्या दोघी फक्त कानावर बोलत होत्या रे, कोणता डॉक्टर, कोणते थेंब, कापूस घालायचा की नाही. सर्टिफिकेटचं शेवटी एका वाक्यात झालं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तो पण आडवा.

पैसे अजून सुरू झाले नाहीत. मध्ये काकानं एक ठेवून दिली पोराला, पोरानं स्वतःच बेनला सांगितलं, त्यामुळे तिच्या फेऱ्या वाढल्यात. तसा पोरगा दुपारी दप्तर घेऊन येताना दिसतो आता.

पण खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. काल काका माझ्या ओटल्यावर येऊन बसला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणतो, "तो फोन कोणी केला असेल हो?" मी म्हटलं कोण जाणे, आणि चहा टाकायला आत गेलो. तर सांगून टाकू का? तू काय केलं असतंस? फोन करू नकोस, लिहूनच कळव.

तुझा,
बाळ्या