‘पडले’ म्हणणाऱ्या बाईला विचारणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी अपघात विभागात. रात्री अकराच्या पुढे नवरा नाहीतर सासू बाईला घेऊन यायची. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे तिच्या आधी सोबतचं माणूसच सांगून टाकायचं. पडणारा माणूस हात टेकतो, त्याचे तळवे, कोपरं, गुडघे खरचटतात. हिचे तळवे स्वच्छ आणि दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटं उमटलेली. आम्हाला कळायचं. तरी केसपेपरवर ‘पडून जखम’ लिहायचं, टाके घालायचे, टीटीचं इंजेक्शन द्यायचं आणि त्याच माणसाबरोबर तिला घरी पाठवायचं. एकीच्या कपाळावरचे टाके मी दोनदा काढले. दोन्ही वेळा तिच्याशी ‘पाणी लावू नकोस’ एवढंच बोलले. ते आजही मला टोचतं.

मुंबईत ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते गेलं. तिथे डॉक्टर-सिस्टरना अशा जखमा ओळखायला आणि बाईला बाजूला घेऊन विचारायला शिकवलं जातं. मग समुपदेशक तिच्याशी बोलते. पुन्हा हात उगारला तर कुणाच्या दारात जायचं, फोन कुणाला करायचा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि चार पैसे कुठे ठेवायचे, हे दोघी मिळून ठरवतात. त्या रात्री घरी जाणं धोक्याचं असेल, तर दाखल करून घेण्याचीही सोय होते. अशी केंद्रं संसार मोडतात, असं आमच्या स्टाफमध्येही म्हणायचे. मला हे अजिबात पटत नाही. नवऱ्याला सोड, असं तिला कुणी सांगत नाही. ती जिवंत राहावी, एवढंच बघतात.

2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं अशा बाईवर उपचार करण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली आहे. जखम कशी झाली, कुणी केली, याची केसपेपरवरची नोंद पुढे कोर्टात तिच्या कामी येते. जिल्ह्याच्या गावी अशा बायकांना मदत करणारं सरकारी ‘सखी’ केंद्र असतं, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबरही आहे. पण मार खाल्लेली बाई एसटीचं तिकीट काढून जिल्ह्याला कशी जाणार? तिला घराबाहेर पाऊल टाकू देतात ते फक्त दवाखान्यासाठी.

म्हणून प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात एक प्रशिक्षित समुपदेशक आणि दार लावता येईल अशी एक खोली शासनानं द्यावी. आणि ड्यूटीवरच्या माझ्या बहिणींनो, ते होईपर्यंत थांबू नका. सोबतच्या माणसाला केसपेपर काढायला खिडकीवर पाठवलं की पाचेक मिनिटं मिळतात. पडदा ओढून तेवढ्यात विचारता येतं.

– एक निवृत्त परिचारिका, जि. सांगली